गोल्फचा स्विंग: चेंडू लांब का जात नाही आणि पाठ का दुखते?

रविवारी सकाळी कुठल्याही ड्रायव्हिंग रेंजवर गेलात तर एक दृश्य हमखास दिसतं. पंचेचाळिशीचा धडधाकट माणूस, हातात महागडा ड्रायव्हर, दातओठ खाऊन मारलेला फटका आणि दीडशे यार्डांवर उजवीकडे वळून पडलेला चेंडू. शेजारी चौदा-पंधरा वर्षांची किरकोळ अंगाची मुलगी सराव करत असते. ती जोर लावतेय असं वाटतही नाही, पण तिचा चेंडू सरळ आणि त्याच्या पुढे जातो. शंभरेक चेंडू मारून झाले की माणूस कंबर धरून खुर्चीत बसतो.

चेंडू लांब न जाणं आणि कंबर धरणं या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात. पण बहुतेक वेळा दोन्हींचं मूळ एकच असतं. शरीराचे भाग चुकीच्या क्रमाने हलतात आणि जो सांधा वळायला हवा त्याच्याऐवजी भलताच सांधा वळतो. पाठीच्या खालच्या भागाचं दुखणं ही हौशी आणि व्यावसायिक अशा दोन्ही गोल्फरांमधली नेहमीची तक्रार आहे. त्यामुळे स्विंगमधली शरीराची हालचाल समजून घेणं हा केवळ स्कोअरचा विषय उरत नाही.

(या लेखात खेळाडू उजव्या हाताने खेळतो असं धरलं आहे. म्हणजे चेंडू ज्या दिशेला मारायचा ती त्याची डावी बाजू. डावखुऱ्यांनी उलट वाचावं.)

सेकंदाभराचा हिशेब

गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम वजनाचा असतो. तो जागच्या जागी पडलेला असतो, कुणी टाकत नाही, फिरवत नाही. तरीही तो नीट मारणं अवघड, कारण वेळ फार थोडा असतो. चांगल्या खेळाडूचा बॅकस्विंग, म्हणजे क्लब मागे नेण्याची हालचाल, साधारण पाऊण सेकंदात होते. तिथून चेंडूपर्यंत खाली यायला पाव सेकंद लागतो. क्लब आणि चेंडू यांचा प्रत्यक्ष स्पर्श तर जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो.

पाव सेकंदात 'अरे, चुकलं' म्हणून दुरुस्ती करता येत नाही. क्लब वरून निघाला त्या क्षणीच चेंडूचं भवितव्य बरंचसं ठरलेलं असतं.

याच पाव सेकंदात पुरुष व्यावसायिकांच्या ड्रायव्हरचं डोकं ताशी १८० किलोमीटरच्या आसपास वेग गाठतं. महिला व्यावसायिकांचा वेग ताशी १५० किलोमीटरच्या आसपास असतो. एवढा वेग एकट्या हातांमधून येत नाही. ब्रिटनमध्ये अॅलस्टेअर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी १९६८ मध्ये 'द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग' हे पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी स्विंगचं वर्णन एकमेकांना जोडलेल्या दोन दांड्यांचा झोका असं केलं होतं. एक दांडी म्हणजे हात, दुसरी म्हणजे क्लब आणि मधली बिजागरी म्हणजे मनगट. हा झोका फिरवणारं इंजिन मात्र पाय, खुबे आणि धड यांच्या मोठ्या स्नायूंचं असतं.

जोर कुठून निघतो?

बैलगाडीवानाचा आसूड आठवून पाहा. मूठ थोडीशीच हलते आणि थांबते. मग जाड भाग वेग घेतो, तोही मंदावतो आणि शेवटी टोकाची बारीक वादी इतकी वेगाने जाते की आवाज निघतो. गोल्फच्या स्विंगचं गणित बरंचसं असंच आहे.

खाली येताना सर्वात आधी कंबर वळायला लागते. कंबर म्हणजे इथे आपण पट्टा बांधतो तिथला हाडांचा सांगाडा, पाठीचा खालचा भाग नव्हे. त्यानंतर छाती आणि बरगड्यांचा पिंजरा, मग हात आणि शेवटी क्लब. यातला प्रत्येक भाग आपला सर्वाधिक वेग गाठतो आणि लगेच मंदावतो. मंदावताना तो आपला वेग पुढच्या भागाकडे सोपवतो. अंगाला सेन्सर लावून खेळाडूंची मोजणी केली जाते तेव्हा चांगल्या खेळाडूंमध्ये हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. त्याला 'कायनेमॅटिक सिक्वेन्स' म्हणतात. गोल्फपटूंच्या शरीरक्षमतेवर काम करणारी टायटलिस्ट परफॉर्मन्स इन्स्टिट्यूट २००३ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. या क्रमाचा विचार सामान्य कोचपर्यंत नेण्यात तिचा मोठा वाटा आहे.

यातली गंमत अशी की सगळ्यांच्या स्विंगचा आकार सारखा नसतो. अमेरिकेच्या जिम फ्युरिकचा क्लब वर जाताना एका वाटेने जातो आणि खाली येताना वेटोळं घेऊन भलत्याच वाटेने येतो. तरी तो २००३ ची यूएस ओपन जिंकला. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा भारतीय वंशाचा पापवा सेवगोलम तर क्लब उलट्या पकडीने धरायचा, डावा हात खाली आणि उजवा वर. त्याने १९५९ मध्ये डच ओपन जिंकली. दिसायला स्विंग कसाही असो, क्रम साधला की चेंडू जातो. व्हिडिओ पाहून एखाद्या खेळाडूची नक्कल करणाऱ्यांच्या हाती बहुधा आकार लागतो, क्रम निसटतो.

हा क्रम जमिनीपासून सुरू होतो. क्लब मागे जाताना भार उजव्या पायाकडे येतो. क्लब पुरता वर पोहोचण्याच्या आधीच चांगल्या खेळाडूचा भार डाव्या पायाकडे सरकायला लागलेला असतो. वरचं अंग अजून मागे जातंय आणि खालचं पुढे निघालंय, असा एक क्षण येतो. तिथे धडाचे स्नायू ताणले जातात आणि त्या ताणातून पुढचा वेग मिळतो. मग डावा पाय जमिनीला जोरात रेटतो, डावा खुबा मागे सरकतो आणि कंबर लक्ष्याकडे उघडते. हौशी खेळाडूंमध्ये नेमकं इथेच बिनसतं. वर पोहोचल्यावर त्यांना चेंडू दिसतो आणि हात तिकडे धावतात. पायांना काही करायची संधीच मिळत नाही.

पाठ दोषी नाही, शेजारी दोषी आहेत

बॅकस्विंगच्या टोकाला व्यावसायिक खेळाडूचे खांदे साधारण ९० अंश आणि कंबर साधारण ४५ अंश वळलेली असते. हे वळण शरीरात नेमकं कुठून येतं?

'पाठीतून' असं उत्तर बरेच जण देतील. पण पाठीच्या कण्याचा खालचा भाग, म्हणजे कमरेचे पाच मणके, वळण्यासाठी घडलेलेच नाहीत. त्यांचे सांधे पुढे-मागे वाकायला मोकळे असतात. पिळण्याच्या हालचालीला मात्र ते लवकर अडतात. पाचही मणक्यांचं मिळून एका बाजूचं वळण जेमतेम दहा-पंधरा अंश भरतं. वळण्याचं खरं काम खालच्या बाजूला खुब्याचे सांधे आणि वरच्या बाजूला बरगड्या जोडलेले छातीमागचे मणके करतात.

आता दिवसाचे नऊ-दहा तास लॅपटॉपसमोर बसणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याचे खुबे आखडलेले, वरची पाठ पोक काढून घट्ट झालेली. शनिवारी हाच माणूस टीवर उभा राहतो आणि शरीराकडे ९० अंशांचं वळण मागतो. वरचा शेजारी वळत नाही, खालचा वळत नाही, मग मधल्या मणक्यांना आपल्या कुवतीबाहेर पिळावं लागतं. तेही वेगात, थोडं एका बाजूला कलून आणि अशा दीडदोनशे फटक्यांत. दुखतं मध्ये, पण कारण वर आणि खाली असतं.

मांडी घालून बसणाऱ्यांचे खुबे मोकळे असतात, मग आपल्याला काय अडचण, असंही कुणी म्हणेल. मांडी घालताना खुबा बाहेरच्या बाजूला वळतो. चेंडू मारून अंग लक्ष्याकडे फिरतं तेव्हा मात्र डाव्या खुब्याला आतल्या बाजूचं वळण लागतं. जमिनीवर आरामात बसता येणाऱ्या माणसाचा खुबाही आतल्या वळणाला ताठर असू शकतो. हा फरक फार कमी जणांच्या लक्षात येतो.

एक्स-फॅक्टरचं भूत

१९९२ मध्ये अमेरिकन कोच जिम मॅकलीन यांनी 'गोल्फ मॅगझिन'मध्ये 'एक्स-फॅक्टर' ही कल्पना मांडली. वरून पाहिलं तर बॅकस्विंगच्या टोकाला खांद्यांची रेघ आणि कंबरेची रेघ एकमेकींना छेदून इंग्रजी एक्ससारखा आकार होतो. या दोन रेघांमधलं अंतर जितकं जास्त तितका फटका लांब, असा त्याचा सारांश लोकांनी काढला.

कल्पनेत तथ्य आहे. पण तिचा अर्थ 'कंबर अडवून धरा आणि खांदे जमेल तेवढे वळवा' असा घेतला गेला. लवचीक विशीतल्या खेळाडूला ते झेपतं, पन्नाशीतल्या हौशी माणसाच्या मणक्यांना झेपत नाही. जुन्या पिढीतला जॅक निक्लॉस बॅकस्विंगमध्ये डावी टाच चक्क उचलायचा आणि कंबर मोकळी वळू द्यायचा. नंतरच्या काळात टाच उचलणं जुनाट मानलं गेलं. सामान्य खेळाडूसाठी तीच जुनी पद्धत जास्त शहाणपणाची होती, असं म्हणायला बरीच जागा आहे.

क्रिकेट पाहणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. वेगवान गोलंदाजाचे खांदे एका दिशेला आणि कंबर दुसऱ्या दिशेला राहिली तर त्याला 'मिक्स्ड अॅक्शन' म्हणतात. पाठीच्या मणक्यांना सूक्ष्म फ्रॅक्चर होण्याशी त्याचा संबंध जोडला जातो.

पाठीच्या दुखण्याचं सर्वात गाजलेलं उदाहरण म्हणजे टायगर वुड्स. २०१४ पासून त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया होत गेल्या आणि २०१७ मध्ये खालचे मणके एकमेकांना जोडण्याची शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर २०१९ मध्ये तो पुन्हा मास्टर्स जिंकला. त्याच्या दुखण्याला एकटा स्विंगच जबाबदार होता असं म्हणता येणार नाही. पण खालचे मणके जोडलेले असतानाही माणूस एवढ्या वरच्या पातळीवर स्विंग करू शकतो, याचा अर्थ वळण त्या मणक्यांतून यायची गरज नसते.

नेहमीच्या चुका कशा ओळखायच्या?

मोबाइल दोन जागी ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रण करा. एकदा छातीसमोरून आणि एकदा लक्ष्याच्या रेषेत मागून, हातांच्या उंचीवर.

समोरच्या चित्रणात दिसणारी पहिली चूक म्हणजे डोलणं. क्लब मागे नेताना कंबर वळण्याऐवजी उजवीकडे सरकते आणि भार उजव्या तळव्याच्या बाहेरच्या कडेवर जातो. त्याहून वाईट चूक म्हणजे बॅकस्विंगच्या टोकाला धडच लक्ष्याकडे कलणं. कोच याला 'रिव्हर्स स्पाइन अँगल' म्हणतात. तिथून खाली येताना पाठीचा खालचा भाग मागे वाकलेला, बाजूला दबलेला आणि त्यातच पिळला जाणारा असतो. पाठ दुखणाऱ्या गोल्फरने आधी हीच चूक शोधावी.

मागच्या चित्रणात दोन गोष्टी पाहाव्यात. फटका मारताना पार्श्वभाग चेंडूच्या दिशेने पुढे येतो आणि वाकलेलं अंग उभं राहतं का? असं झालं की हातांना जायला जागा उरत नाही, आणि चेंडू कधी वरच्या बाजूला लागतो तर कधी भलत्याच दिशेला जातो. याला 'अर्ली एक्स्टेन्शन' म्हणतात. दुसरं म्हणजे डाउनस्विंगची सुरुवात उजव्या खांद्याने होते का? मग क्लब बाहेरून आत कापत येतो आणि चेंडू उजवीकडे वळतो. रेंजवरच्या त्या माणसाचं हेच होत होतं. जोर वाढवला की ही चूक आणखी वाढते, कारण जोर म्हटलं की हात आणि खांदेच आधी पुढे येतात.

क्रिकेटमधून गोल्फकडे वळलेल्यांची एक वेगळी अडचण असते. ड्राइव्ह मारताना पुढचा पाय चेंडूकडे नेण्याची आणि अंग त्यावर झोकून देण्याची सवय वर्षानुवर्षं मुरलेली असते. गोल्फमध्ये पाय जागेवर राहतात. त्यामुळे ती सवय कंबर वळवण्याऐवजी लक्ष्याकडे सरकवण्यात उतरते. थोडं सरकणं हवंच, पण त्यानंतर वळण आलं नाही तर अंग चेंडूच्या पुढे निघून जातं.

आधी स्वतःला तपासा

कोचकडे जाण्याआधी घरीच तीन गोष्टी पाहता येतात. एक, खुर्चीत गुडघे जुळवून बसा, काठी छातीवर आडवी धरा आणि कंबर न हलवता दोन्ही बाजूंना वळा. साधारण ४५ अंश, म्हणजे काटकोनाच्या निम्मं, वळता यायला हवं. कमी पडत असेल तर वरची पाठ आखडली आहे.

दोन, उंच खुर्चीवर किंवा टेबलावर पाय लोंबते सोडून बसा. मांडी न हलवता पाऊल बाहेरच्या बाजूला न्या. ही खुब्याची आतली फिरत. डावा-उजवा फरक जास्त असेल किंवा पाऊल जेमतेम हलत असेल तर अडचण खुब्यात आहे.

तीन, गोल्फच्या पवित्र्यात वाका, हात छातीवर घ्या आणि खांदे स्थिर ठेवून फक्त कंबर डावी-उजवीकडे फिरवा. अनेकांना हे जमतच नाही, खांदेही बरोबर फिरतात. लवचीकता असूनही जमत नसेल तर अंगाला तशी सवय नाही एवढाच अर्थ. सवय दोन-चार आठवड्यांच्या रोजच्या सरावाने लागू शकते. आखडलेला सांधा मोकळा व्हायला मात्र काही महिने लागतात.

सुधारणा कशी करायची?

वरच्या पाठीसाठी फिजिओथेरपिस्ट हमखास सांगतात तो व्यायाम सोपा आहे. कुशीवर झोपा, गुडघे पोटाकडे घ्या आणि वरचा हात पुस्तकाचं पान उलटावं तसा पलीकडे न्या. गुडघे जमिनीवरच राहायला हवेत. खुब्यांसाठी जमिनीवर बसून एक पाय समोर आणि दुसरा बाजूला, दोन्ही गुडघे काटकोनात ठेवतात आणि मग बाजू बदलतात. यात मागच्या पायाचा खुबा आत वळतो, म्हणजे मांडी घालून जे साधत नाही ते इथे साधतं. आडवं झोपून कंबर उचलण्याचा व्यायाम पार्श्वभागाच्या स्नायूंसाठी आहे. हे स्नायू दुबळे असले की त्यांचं काम पाठ करते.

क्लब न घेता करायचा सर्वात उपयोगी सराव भिंतीचा आहे. पार्श्वभाग भिंतीला जेमतेम टेकेल असे पवित्र्यात उभे राहा. मागे वळताना उजवी बाजू भिंतीवर दाबली जाईल, खाली येताना डावी बाजू तिची जागा घेईल. भिंतीचा स्पर्श सुटला तर तुम्ही पुढे आलात. अर्ली एक्स्टेन्शनवर हा सराव मोठमोठ्या व्याख्यानांपेक्षा जास्त काम करतो.

क्रमासाठी पाऊल टाकण्याचा सराव करतात. दोन्ही पाय जुळवून उभं राहायचं, क्लब मागे न्यायचा आणि तो वर पोहोचण्याच्या आत डावं पाऊल लक्ष्याकडे टाकून मग फटका मारायचा. पाऊल आधी पडलं की हातांना थांबावंच लागतं. सुरुवातीला चेंडू कुठेही जाईल. निम्म्या वेगाने, छोट्या आयर्न क्लबने करा आणि ड्रायव्हर पिशवीतच राहू द्या.

शरीर वळतच नसेल तर तंत्रात सवलत घ्यावी, त्यात कमीपणा नाही. डावं पाऊल लक्ष्याकडे थोडं उघडून ठेवलं की डाव्या खुब्यावर आणि गुडघ्यावर ताण कमी येतो. बेन होगननेही १९५७ च्या 'फाइव्ह लेसन्स' या पुस्तकात डावं पाऊल थोडं बाहेर वळवायला सांगितलं होतं. उजवं पाऊलही किंचित उघडलं तर मागे वळणं सोपं जातं, आणि डावी टाच उचलली तर आणखी सोपं. बॅकस्विंग तीन-चतुर्थांश ठेवला तरी क्रम नीट असेल तर अंतर फारसं घटत नाही. शिवाय अंतर म्हणजे सर्वस्व नाही. अदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आली तेव्हा तिचे फटके स्पर्धेतल्या अनेकींपेक्षा आखूड होते. तिने पटिंगवर आणि हिरवळीजवळच्या खेळावर पदकाची आशा शेवटच्या होलपर्यंत जिवंत ठेवली होती.

पहाटेचा टी टाइम आणि पाठ

उन्हामुळे आपल्याकडे बरेच जण सहा-साडेसहालाच टीवर पोहोचतात. रात्रभर आडवं झोपल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यानंतरचा पहिला तास-दीड तास वाकण्याचा ताण त्यांच्यावर जास्त पडतो. अंथरुणातून गाडीत, गाडीतून टीवर आणि पहिलाच फटका ड्रायव्हरने पूर्ण ताकदीने, हा पाठीसाठी सर्वात वाईट क्रम. थोडं लवकर उठा, दहा मिनिटं चाला, खुबे आणि खांदे मोकळे करा आणि छोट्या क्लबने अर्धे फटके मारून मगच ड्रायव्हर काढा.

दुखणं पाठीपुरतं असेल आणि दोन-चार दिवसांत ओसरत असेल तर विश्रांती घेऊन चुका तपासाव्यात. कळ गुडघ्याच्या खाली उतरत असेल, पाय बधिर होत असेल किंवा पाऊल उचलताना अशक्तपणा जाणवत असेल तर स्विंग सुधारण्याचा विचार बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरांकडे जावं. लघवी-शौचावरचं नियंत्रण जाणं किंवा जांघेचा भाग बधिर होणं ही तातडीची लक्षणं आहेत. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावं लागतं.

पाठ सांभाळायची एक हालचाल स्विंगच्या बाहेरचीही आहे. एका फेरीत चेंडू अठरा वेळा होलमधून काढावा लागतो. अनुभवी खेळाडू तेव्हा पाठ गोल करून वाकत नाहीत. पटरवर एक हात टेकवतात, एका पायावर भार घेतात, दुसरा पाय मागे उचलतात आणि खुब्यातून खाली जातात. फिजिओथेरपीमध्ये या पद्धतीला 'गोल्फर्स लिफ्ट' असंच नाव आहे. कधी गोल्फ कोर्स न पाहिलेल्या पाठदुखीच्या रुग्णांनाही जमिनीवर पडलेली किल्ली किंवा पेन उचलायला ती शिकवतात.